रात्रीची गोळी, सकाळची पावलं

पत्र : माझ्या सासूबाईंना आम्ही सगळे आत्या म्हणतो. वय ७९. तीन वर्षांपासून विसरायला लागल्या. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी डिमेन्शिया असल्याचं सांगितलं, डोनेपेझिलची गोळी रात्री चालू आहे. सात आठवड्यांपूर्वी न्हाणीत पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात रात्री फार सैरभैर झाल्या, सलाईन उपटलं, म्हणून झोपेची गोळी सुरू झाली. डिस्चार्ज कार्डावर क्लोनाझेपाम ०.५ लिहिलंय. घरी आल्यावर तरीही दोन-अडीचला उठायच्या, म्हणून ह्यांनी ओळखीच्या मेडिकलमधून अल्प्राझोलाम आणली, तीही देतो. आता सकाळी दहापर्यंत शुद्ध नसते. फिजिओ साडेआठला येतात तेव्हा मान खाली, तोंडातून लाळ. ‘पेशंट साथ देत नाही’ म्हणून दहा मिनिटांत जातात. संध्याकाळी पाच वाजले की मात्र वॉकर न घेताच उठू पाहतात. ‘गोठ्यात जायचंय, धारा राहिल्यात’ म्हणतात. गाय विकून बारा वर्षं झाली. फिजिओ म्हणतात गोळी बंद करा. हे म्हणतात व्यायाम सोडा, या वयात निदान सुखानं झोपू दे. मागच्या सोमवारी मी दोन्ही गोळ्या दिल्या नाहीत, तर रात्रभर थरथरत, बडबडत जाग्या. गोळी की व्यायाम, मला काही कळेनासं झालंय.
– एक सून, कराड

ताई,

आधी आजच्या रात्रीचं बोलू, बाकीचं नंतर. मी फिजिओथेरपिस्ट आहे. गोळ्या लिहून देणं किंवा बंद करणं माझ्या अखत्यारीत नाही. पण म्हाताऱ्या माणसांना घरोघरी जाऊन पायावर उभं करण्यात माझी सव्वीस वर्षं गेली आहेत, आणि तुमच्या पत्रातली एक गोष्ट वाचून मला स्वस्थ बसवेना. आत्यांना ज्या दोन गोळ्या मिळतात त्या एकाच घराण्यातल्या आहेत. क्लोनाझेपाम लिहिणाऱ्या डॉक्टरांना अल्प्राझोलामचा पत्ता नाही, आणि अल्प्राझोलाम तर कुणी लिहूनच दिलेली नाही. तेव्हा उद्यावर न ढकलता आजच ऑपरेशनवाल्या डॉक्टरांना किंवा तुमच्या फॅमिली डॉक्टरांना फोन करा. दोन्ही गोळ्यांची नावं, मिलिग्रॅम, किती दिवस चालू आहेत, सकाळी दहापर्यंत जाग येत नाही, लाळ गळते, हे सगळं एका दमात सांगा. रात्री काय द्यायचं ते त्यांच्याच तोंडून ऐका. आत्या हलवूनही उठल्या नाहीत, श्वास फार संथ किंवा घरघरता वाटला, तर फोनवर वेळ घालवू नका, सरळ दवाखाना गाठा.

आणखी एक आजपासूनच पाळा. गुंगीत असताना त्यांना चहा, पेज, गोळ्या, काहीही भरवू नका. लाळ गिळता येत नाही तिथे घास कसा गिळला जाईल? ठसका लागून अन्न फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. पूर्ण जाग्या होऊन ताठ बसल्या की मगच खायला द्या, मग नाश्ता अकराला का होईना.

सोमवारी जे केलंत ते मात्र पुन्हा करू नका. तुम्हाला दोष देत नाही, फिजिओंनी सांगितलं म्हणून तुम्ही केलंत. रोज मिळणाऱ्या या गोळीची मेंदूला सवय होते आणि ती एकदम तुटली की झोप उडते, हातपाय कापतात, भास होतात, एखाद्याला फिटही येते. त्या रात्रीवरून घरात सगळ्यांनी ‘बघा, गोळीशिवाय आत्या झोपूच शकत नाहीत’ असं ठरवून टाकलं असेल. मी पाहिलेली बहुतेक घरं हेच ठरवतात आणि मग गोळी वर्षानुवर्षं चालू राहते. पण त्या रात्रीची थरथर बहुधा गोळी अचानक तुटल्याची होती. गोळी उतरवायची ती जिन्यावरून उतरतो तशी, एकेक पायरी, मध्ये थांबत. किती आठवड्यांत आणि किती-कितीने, ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. प्रत्येक पायरीला दोन-तीन रात्री वाईट जातील, हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे कुणी घाबरून पुन्हा जास्तीची गोळी देणार नाही.

आता तुमचा प्रश्न. ‘गोळी की व्यायाम’ असं तुम्ही विचारता, पण आत्यांच्या अंगात या दोन्हींचा एकच हिशोब चालू आहे. क्लोनाझेपामचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण ३० ते ४० तास लागतात. म्हणजे काल रात्री दहाला दिलेली गोळी आज रात्री दहालाही निम्म्याहून जास्त अंगात असते, आणि तिच्यावर आपण आजची देतो. असं पहिले काही दिवस साचत जातं. अल्प्राझोलाम निम्मी व्हायला तरुण माणसात अकरा तास लागतात, म्हातारपणी सोळाच्या आसपास. फिजिओ साडेआठला दार वाजवतात तेव्हा आत्यांची रात्र संपलेलीच नसते हो. ‘साथ देत नाही’ हे वाक्य मला लागलं. साथ द्यायला माणूस आधी जागं तर हवं.

ही गोळी नुसती झोपवत नाही, स्नायूही ढिले करते. तोल जातोय हे कळायला आणि पाय पुढे टाकून सावरायला जो क्षण लागतो, तो लांबतो. डिमेन्शियात आधीच थकलेली आठवण आणखी धूसर होते. म्हणून अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीच्या ‘बियर्स निकष’ नावाच्या यादीत, २०२३ च्या आवृत्तीतसुद्धा, स्पष्ट म्हटलंय की वृद्धांना, त्यातही ज्यांना डिमेन्शिया आहे किंवा जे एकदा पडून हाड मोडून बसलेत त्यांना, या घराण्यातल्या गोळ्या शक्यतो टाळाव्यात. झोलपिडेमसारख्या झोपेच्या गोळ्याही त्याच रांगेत आहेत. तेव्हा ‘ही जड होते तर ती हलकी द्या’ असं कुणी म्हणालं तर सावध राहा.

आणि एवढं करून झोप मिळते किती? २००५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये साठीपुढच्या माणसांवरच्या २४ अभ्यासांचा एकत्र हिशोब छापून आला होता. झोपेच्या गोळ्यांनी रात्रीची झोप सरासरी वाढली ती २५ मिनिटं. तेरा जणांना गोळी द्यावी तेव्हा एकाची झोप सुधारते, आणि सहा जणांना दिली की एकाला त्रास होतो. हे आकडे मी तुमच्या यजमानांसाठी लिहिते आहे. आईनं सुखानं झोपावं ही त्यांची इच्छा मायेपोटीच आहे. पण सकाळी दहाला मान टाकून लाळ गाळत पडणं ही झोप नव्हे, ती ग्लानी आहे. तिच्यातून उठल्यावर ताजंतवानं वाटत नाही.

मला हे वडिलांच्या वेळी कळलं. त्यांना एका ऑपरेशननंतर दवाखान्यात झोपेची गोळी सुरू झाली आणि ‘चालू ठेवा’ एवढ्या दोन शब्दांवर ती घरी आली. मी त्यांच्या काठीचं रबर तपासलं होतं, पायपुसणी उचलली होती, न्हाणीत दांडा बसवला होता. गोळीची पट्टी एकदाही उलटून वाचली नाही. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री ते लघवीला उठले आणि संडासाचं दार समजून कपाटाचं दार उघडलं. मी आवाजानं धावले तेव्हा ते आईच्या साड्यांचा आधार धरून हळूहळू खाली घसरत होते. मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी त्यांना त्यातलं काहीच आठवत नव्हतं. तेव्हापासून कुठल्याही घरी गेले की चालणं बघायच्या आधी मी गोळ्यांचा डबा मागते.

‘डिमेन्शिया आहे, आता व्यायाम करून काय होणार’ हे तुम्हाला नातेवाइकांपैकी कुणी ना कुणी ऐकवलं असेलच. २००० मध्ये फिनलंडमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या वृद्धांना एका गटात वृद्धांसाठीचं खास, नेटाचं पुनर्वसन दिलं आणि दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार. मध्यम डिमेन्शिया असलेल्यांपैकी तीन महिन्यांनी स्वतंत्रपणे राहत होते ते पहिल्या गटात २४ पैकी १५, दुसऱ्या गटात १२ पैकी २. माणसं थोडी आहेत हे मान्य, पण माझ्या कामाच्या अनुभवाशी ते जुळतं. आत्यांना काल कोण भेटायला आलं ते आठवणार नाही, पण धार काढायला बसवलं तर बोटं आपोआप चालतील. हातापायांची आठवण वेगळी असते आणि ती उशिरापर्यंत टिकते. व्यायाम तिच्या जोरावर करून घ्यायचा असतो.

म्हणून फिजिओंशी नीट बोला. ते वाईट नाहीत, त्यांची वेळ वाईट आहे. साडेआठऐवजी अकरा-साडेअकराला येता येईल का विचारा. नसेलच जमत तर दुपारी चारला. शिवाय ‘दहा वेळा पाय उचला’ या एका वाक्यात आत्यांना तीन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात, आणि तेच त्यांना जमत नाही. एका वेळी एकच सांगायचं. ‘हात खुर्चीवर.’ मग थांबायचं, दहा-पंधरा सेकंद थांबायचं, मध्ये बोलायचं नाही. ‘पुढे वाका.’ पुन्हा थांबायचं. ‘उठा.’ फिजिओ, तुम्ही, यजमान, मुलं, सगळ्यांनी तेच शब्द, त्याच क्रमाने. एक जण ‘उठा’ म्हणणार, दुसरा ‘उभ्या राहा’, तिसरा काखेत हात घालून ओढणार, असं झालं की त्या गोंधळतात आणि अंग आखडून घेतात. मग आपण म्हणतो, हट्टी आहेत.

आत्यांना कुठे चालवायचं हे तर त्यांनी स्वतःच सांगितलंय. गोठ्यात जायचंय. ‘अहो गाय विकली, बारा वर्षं झाली’ हे त्यांना सांगू नका. त्यांच्यासाठी ती बातमी रोज नवी आहे आणि रोज तेवढीच दुखते. पाचची घालमेल सुरू व्हायच्या आत, साडेचारलाच वॉकर समोर ठेवा आणि म्हणा, ‘चला आत्या, गोठ्याकडे.’ जुन्या गोठ्याची जागा असेल तर तिथवर, नसेल तर अंगणाच्या फाटकापर्यंत. वाटेत टेकायला एक उंच खुर्ची ठेवा. ऑपरेशन झालेल्या बाजूला, किंचित मागे, एक जण हवाच. पायात मागे पट्टा असलेल्या चपला घाला, आणि गाऊन घोट्याखाली लोळत असेल तर तो आधी आखूड करून घ्या. पहिल्या दिवशी सहा पावलं पडली तरी पुष्कळ. परत आल्यावर तुळशीला तांब्याभर पाणी घालू द्या, उभ्या राहून शेंगांची टोपली टेबलावरून ओट्यावर ठेवू द्या. हा सगळा व्यायामच आहे, आणि त्यांना त्याचं कारण कळतं. खाली पाटावर बसणं, उकिडवं बसणं, देशी संडास, हे मात्र सर्जन परवानगी देईपर्यंत नको. ऑपरेशनच्या पायावर पूर्ण भार द्यायचा की नाही, हेही त्यांनाच विचारा.

दिवेलागणीची ही अस्वस्थता डिमेन्शियात फार जणांना होते. संधिप्रकाशात सावल्या लांबतात, ओळखीची खोलीही परकी वाटते. पाचच्या आधीच घरातले मोठे दिवे लावा. सकाळी जाग आली की अर्धा तास ओसरीवर उन्हात बसवा, कारण दिवस-रात्रीचं मेंदूतलं घड्याळ उजेडावर लागतं. दिवसभर पडदे ओढून अंधारात पडलेल्या माणसाला रात्र कधी झाली हे कळणार तरी कसं?

आता मूळ प्रश्न, जो सात आठवड्यांत कुणी विचारलेला दिसत नाही. आत्या रात्री अडीचला का उठतात? एक वही करा. सात दिवस, जास्त नाही. कधी झोपल्या, कधी उठल्या, उठल्यावर पहिली हालचाल काय केली, दिवसा किती वेळ डुलक्या काढल्या, शौचाला कधी झालं, कोणती गोळी किती वाजता. उठल्यावर हात मांडीवर जातो का, कूस वळताना कपाळाला आठी पडते का, हे बघा. डिमेन्शियाचं माणूस ‘दुखतंय’ म्हणत नाही, ते उठून बसतं, चिडतं, चादर ओढतं. ऑपरेशन होऊन सात आठवडेच झालेत, दुखणं असू शकतं आणि त्याचा इलाज झोपेची गोळी हा नाही. पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळेला देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. उठून कडेला पाय सोडत असतील तर लघवीची घाई असेल. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का आणि ते संध्याकाळी जातंय का, तपासा. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांनी पोट घट्ट होतं, तेही रात्री छळतं. साताला जेवण उरकलं असेल तर अडीचला भूक लागूच शकते, झोपताना अर्धा कप दूध देऊन बघा. आणि आठ वाजता अंथरुणात घातलेलं माणूस अडीचला उठलं तर त्याची साडेसहा तास झोप झालेली असते! या वयात तेवढी बरीच झाली. झोपवायची वेळ दहावर आणा, चारनंतर चहा नको, दुपारी अर्ध्या तासावर झोप नको.

डोनेपेझिलचंही विचारा. काहींना ती रात्री घेतली की झोप चाळवते, विचित्र स्वप्नं पडतात. अशांना डॉक्टर ती सकाळी देतात. नुसती वेळ बदलून काम झालेली घरं मी पाहिली आहेत. सर्दीसाठी घरात क्लोरफेनिरामिनची गोळी पडून असेल तर ती आत्यांना देऊ नका, तिनंही गोंधळ वाढतो.

वही आणि सगळ्या पट्ट्या, रिकाम्यासुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे जा. अल्प्राझोलाम कायद्यानं ‘एच-१’ वर्गातली आहे. चिठ्ठीशिवाय विकता येत नाही आणि मेडिकलवाल्याला रुग्णाचं नाव वहीत लिहून ती नोंद तीन वर्षं जपावी लागते. ओळखीनं मिळाली हा उपकार नव्हता, हे यजमानांना शांतपणे सांगा. त्याऐवजी दुसरं औषध म्हणून क्वेटियापिनसारखं मनोविकारांवरचं काही सुचवलं गेलं, तर कशासाठी, किती दिवस आणि कधी थांबवायचं, हे तिथेच विचारा. डिमेन्शियाच्या वृद्धांत अशा औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ मध्येच दिला आहे. कधीकधी ते लागतंही, पण डोळे उघडे ठेवून.

वहीचे सात दिवस व्हायच्या आधीच काही धोका दिसला तर थांबू नका. एकाएकी गोंधळ वाढला, ताप आला, लघवीला जळजळ, ऑपरेशनच्या पायात नवी कळ, पोटरी सुजली, धाप लागली, तर त्याच दिवशी दाखवा.

ताई, आता तुमच्याबद्दल. पत्रात तुम्ही आत्यांच्या झोपेबद्दल लिहिलंत, स्वतःच्या झोपेबद्दल एक ओळ नाही. अडीचला कोण उठतं, ते मला न सांगताही कळलं. खरं सांगू, पुष्कळ घरांत ही गोळी म्हाताऱ्या माणसाच्या नावानं येते आणि सांभाळणाऱ्याला चार तास पाठ टेकता यावी म्हणून दिली जाते. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण ते बोलून दाखवायला हवं. कारण गोळी कमी होताना ज्या रात्री वाईट जातील त्या एकट्या तुमच्या वाट्याला आल्या, तर महिनाभरात गोळी परत येईल. आठवड्यातल्या तीन रात्री यजमानांच्या, ठरवून, कॅलेंडरवर खुणा करून. त्या रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं. त्यांनी आईला दोनदा संडासाला नेऊन आणलं की ‘निदान सुखानं झोपू दे’ याचा अर्थ त्यांनाही वेगळा लागेल. पलंगाजवळ कमोड खुर्ची, जमिनीलगत एक मंद दिवा आणि उठल्यावर आधी दोन मिनिटं पाय खाली सोडून बसणं, एवढं केलंत की रात्रीचं भय बरंच कमी होतं. फारच कोंडल्यासारखं झालं तर टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीचा, १४४१६ हा सरकारी नंबर आहे, ज्येष्ठांसाठी एल्डरलाइनचा १४५६७. तिथे तुमच्याबद्दलही बोलता येतं.

आत्यांची पावलं रोज वहीत लिहा आणि तीन आठवड्यांनी मला कळवा. आणि त्यांच्या गाईचं नाव काय होतं, ते फिजिओंना आजच सांगून ठेवा. ‘चला, चालायचंय’ याला आत्या कदाचित हलणार नाहीत, पण त्या नावाला उठतील.